विश्लेषण : हात न लावता वाजणारे वाद्य घरी तयार करता येईल? ‘थेरेमिन’मागचे विज्ञान काय आणि मावळातील शाळांनी ते का करून पाहावे?

मावळातील एखाद्या गावात अखंड हरिनाम सप्ताह सुरू असला, की वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पहारा बदलतो, वीणेकरी बदलतो. वीणा मात्र एका हातातून थेट दुसऱ्या हातात जाते. याच्या अगदी उलट टोकाचे एक वाद्य शंभर वर्षांपूर्वी जन्माला आले. ते वाजवायचे असेल तर त्याला हात लावायचाच नाही. थेरेमिन असे त्याचे नाव. रेडिओच्या तंत्रातून निघालेले हे वाद्य आज काही शे रुपयांच्या सुट्या भागांतून प्राथमिक स्वरूपात तयार करता येते. ते कसे चालते, घरी करताना कुठे अडते आणि लोणावळ्याच्या पावसात ते सुरात का राहत नाही, याविषयी...

थेरेमिन नेमके कसे असते?

दिसायला ही एक साधी लाकडी पेटी असते. तिच्या एका बाजूला उभा धातूचा दांडा आणि दुसऱ्या बाजूला आडवी धातूची कडी असते. हे दोन्ही अँटेना. वादक पेटीसमोर उभा राहतो. एक हात दांड्याजवळ नेला की स्वर चढतो, दूर नेला की उतरतो. दुसरा हात कडीवर खाली आणला की आवाज लहान होतो, वर उचलला की मोठा होतो. पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत, तारा नाहीत. स्वर हवेत कुठे आहे हे केवळ कानाने शोधायचे. आवाज व्हायोलिन आणि मानवी गळा यांच्या मधला वाटतो. चुकीच्या हातात मात्र तो कुत्रे विव्हळल्यासारखाही येतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

त्याचा शोध कसा लागला?

रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेव तेरमेन १९२० मध्ये पेत्रोग्राद येथे वायूंचे विद्युत गुणधर्म मोजणारे उपकरण तयार करत होते. मोजमाप कानाने ऐकता यावे म्हणून त्यांनी त्याला आवाजाची जोड दिली. आपला हात जवळ गेला की आवाजाची पट्टी बदलते, हे त्यांच्या लक्षात आले. एखाद्याने हा दोष मानून दुरुस्त केला असता. तेरमेन मात्र चेलो वाजवत. त्यांनी हात हलवून सूर काढून पाहिले. १९२२ मध्ये त्यांनी हे वाद्य लेनिन यांच्यासमोर सादर केले. १९२८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले आणि १९२९ मध्ये ‘आरसीए’ या कंपनीने ते बाजारात आणले. त्याच वर्षी महामंदी सुरू झाली. शिवाय ‘कुणालाही सहज वाजवता येईल’ हा जाहिरातीचा दावा खरा नव्हता. सुमारे ५०० वाद्ये तयार करून हा प्रयोग थांबला.

वाद्य टिकले ते क्लारा रॉकमोर यांच्यामुळे. मूळच्या व्हायोलिनवादक असलेल्या क्लारा यांनी हवेतच बोटांच्या ठरावीक हालचाली करून नेमका स्वर पकडण्याची पद्धत विकसित केली. तेरमेन १९३८ मध्ये सोव्हिएत संघात परतले; तेथे त्यांना अटक झाली, श्रमछावणीत धाडले गेले आणि पुढे कैदेतच गुप्त ऐकण्याची उपकरणे तयार करावी लागली. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले. दुसरीकडे, अमेरिकेत शाळकरी वयातच थेरेमिन बनवायला लागलेल्या रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये आपला सिंथेसायझर तयार केला. म्हणजे आजच्या कीबोर्डच्या वंशावळीत थेरेमिनचे नाव बरेच वर येते.

हात न लावता आवाज कसा निघतो?

याचे उत्तर तानपुरा जुळवणाऱ्या कुणालाही अर्धे ठाऊक असते. जोडीच्या दोन तारांपैकी एक सेकंदाला १३० वेळा आणि दुसरी १३२ वेळा कंप पावत असेल, तर त्या एकत्र वाजल्यावर सेकंदाला दोन वेळा डोलणारी लहर ऐकू येते. ही लहर म्हणजे दोन कंपनांमधला फरक. तारा पूर्ण जुळल्या की लहर नाहीशी होते.

थेरेमिनमध्ये तारांच्या जागी दोन ऑसिलेटर, म्हणजे विद्युत कंपने निर्माण करणारी दोन सर्किटे असतात. समजा, दोन्ही सेकंदाला पाच लाख कंपने करत आहेत. इतकी उंच कंपने कानाला ऐकू येत नाहीत. आता यातील एकाला अँटेना जोडली आहे. अँटेना आणि वादकाचा हात मिळून एक छोटा कपॅसिटर तयार होतो. शरीर वीजवाहक असल्याने हाच त्याचा दुसरा पत्रा. हात जवळ आला की धारिता वाढते आणि त्या सर्किटची कंपने कमी होतात. ती ४,९९,५६० झाली, तर दोन्हींतला फरक उरतो ४४० कंपनांचा. हा फरक कानाला ऐकू येतो: हार्मोनिअमवरील पांढरी सहाचा एक सूर!

त्यासाठी धारिता किती बदलावी लागते? सर्किटमधील एकूण धारिता १०० पिकोफॅरड धरली, तर सुमारे ०.१८ पिकोफॅरडचा बदल पुरतो. एक पिकोफॅरड म्हणजे एका फॅरडचा एक लाख कोटीवा भाग. त्याचाही पाचवा हिस्सा बदलला की शांततेतून सूर उमटतो. थेरेमिनची जादू आणि त्याची डोकेदुखी, दोन्ही या एका आकड्यात आहेत.

दोन वारंवारतांच्या फरकाचे हे तंत्र रेडिओतही आहे. आकाशवाणी पुणे केंद्राची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झ. जुन्या रेडिओवर ती लावली, की आतला ऑसिलेटर साधारणपणे १२४७ किलोहर्ट्झवर चालतो आणि दोन्हींतला ४५५ किलोहर्ट्झचा फरक पुढच्या सर्किटकडे जातो. बटण फिरवताना येणारी शिट्टी हीसुद्धा बहुधा दोन लहरींच्या फरकाचीच. आजीच्या रेडिओची ती शिट्टी आणि थेरेमिनचा सूर ही सख्खी भावंडे आहेत.

भारतीय संगीताशी त्याचा काय संबंध?

थेट परंपरा नाही. पण नाते जवळचे निघू शकते. हार्मोनिअमवर आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली होती. ती पुढे १९७०च्या दशकात शिथिल होत गेली. हार्मोनिअमवरचा मुख्य आक्षेप असा, की पट्ट्यांवरचे स्वर ठरलेले असल्याने त्यातून मींड काढता येत नाही. भैरवातील आंदोलित कोमल रिषभ किंवा दरबारीतील डोलणारा गंधार पट्टीवर सापडत नाही. तो दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी असतो. थेरेमिनची अडचण नेमकी उलट. त्यात मींडच मींड आहे. अवघड आहे ते एका स्वरावर स्थिर उभे राहणे. म्हणूनच तानपुऱ्याच्या सुरासोबत सराव करणाऱ्या गाणाऱ्या मुलाला हे वाद्य कीबोर्ड शिकलेल्या मुलापेक्षा लवकर उमगण्याची शक्यता आहे.

इलेक्ट्रॉनिक वाद्ये आपल्याकडे परकी राहिलेली नाहीत. १९५४च्या ‘नागिन’ चित्रपटातील गाजलेली बीन प्रत्यक्षात बीन नव्हती. कल्याणजी यांनी ती क्लॅव्हिओलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सिंथेसायझर आणि ड्रम मशिनवर राग वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. ती गाजली, पण दोन दशकांहून अधिक काळाने. यंत्रे बहुतेक वेळा बाहेरून आली. ती कशी वाजवायची हे मात्र इथल्या कानांनी ठरवले.

घरी तयार करण्याचे मार्ग कोणते?

ढोबळमानाने तीन. पहिला सर्वांत स्वस्त: ‘५५५’ हा टायमर आयसी आणि प्रकाशानुसार रोध बदलणारा एलडीआर. हाताची सावली पडली की स्वर बदलतो. नऊ व्होल्टची बॅटरी, छोटा स्पीकर आणि दोन-चार सुटे भाग यांवर हे एका दुपारी होते. मात्र खोलीतला उजेड बदलला की सूरही बदलतो. खिडकीबाहेर धुके आले की वाद्याची पट्टी बदलते.

दुसरा मार्ग आर्डुइनो बोर्ड आणि अल्ट्रासॉनिक सेन्सरचा. सेन्सर ४० किलोहर्ट्झची, कानाला न ऐकू येणारी ध्वनिलहर सोडतो. ती हातावर आपटून परत येते. हात ३० सेंटिमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ६० सेंटिमीटरचा हा प्रवास सुमारे १.७५ मिलिसेकंदांत होतो. या वेळेवरून अंतर आणि अंतरावरून स्वर ठरवायचा. वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. अल्ट्रासॉनिकऐवजी अदृश्य लेसर किरणाने अंतर मोजणारा छोटा सेन्सरही वापरता येतो. त्याची मोजणी अधिक नेमकी असते.

तिसरा मार्ग खऱ्या थेरेमिनचा: कॉइल आणि कपॅसिटरचे दोन ऑसिलेटर, त्यांचा फरक काढणारे मिक्सर सर्किट आणि अँप्लिफायर. अँटेना म्हणून सुमारे ४५ सेंटिमीटरची ॲल्युमिनियम किंवा तांब्याची नळी चालते. ‘ओपन थेरेमिन’ या स्विस प्रकल्पाचे आराखडे सर्वांसाठी खुले आहेत. त्यात आर्डुइनोवर बसणाऱ्या बोर्डने हीच धारितेची मोजणी केली जाते.

सेन्सरचे सोपे वाद्य कुठे कमी पडते?

मींडेत. समजा १० ते ५० सेंटिमीटर या ४० सेंटिमीटरच्या पट्ट्यात दोन सप्तके बसवली. दोन सप्तकांत २४ अर्धस्वर, म्हणजे एका अर्धस्वराला सुमारे १.७ सेंटिमीटर जागा. स्वस्त अल्ट्रासॉनिक सेन्सरची अचूकता साधारण तीन मिलिमीटर. म्हणजे एका अर्धस्वराच्या जवळपास पाचव्या हिश्शाएवढी चूक कायमच संभवते. शिवाय दोन मोजण्यांमध्ये ६० मिलिसेकंदांचे अंतर ठेवावे, अशी शिफारस असते. म्हणजे सेकंदाला जेमतेम १६ मोजण्या. हात अखंड सरकतो, आवाज मात्र जिना चढल्यासारखा पायरी-पायरीने जातो.

यावर अर्धा उपाय प्रोग्रॅममध्ये आहे. नवे मोजमाप थेट न वापरता जुन्या काही मोजमापांशी त्याची सरासरी काढली की पायऱ्या बोथट होतात; पण मग सूर हाताच्या किंचित मागे पडतो. दुसरा उपाय म्हणजे पायऱ्या मान्य करून भूपाचे पाचच स्वर ठरवून देणे. मग कुणीही हात हलवला तरी बेसूर होत नाही. प्रदर्शनात हे झकास दिसते. पण तेव्हा ते हार्मोनिअमच झाले, फक्त पट्ट्या हवेत! सोपेपणा हवा की मींड, हा निर्णय करणाऱ्यालाच घ्यावा लागतो. अभियांत्रिकी शिकताना पुस्तकातून न कळणारी गोष्ट हीच.

लोणावळ्याच्या पावसात काय होते?

खरे थेरेमिन पिकोफॅरडच्या अंशावर चालते, हे वर आले. त्यामुळे ते वादकाच्या हाताबरोबरच आजूबाजूची प्रत्येक गोष्ट ‘ऐकते’: शेजारून गेलेला माणूस, सरकवलेली लोखंडी खुर्ची, भिंतीतली वायर. जून ते सप्टेंबर या काळात लोणावळा-खंडाळ्यात भिंतींनाही ओल येते. हवेतील बाष्पाने धारितेत पडणारा फरक तसा थोडा असतो. खरा त्रास देतो तो सर्किट बोर्डवर, कॉइलवर आणि लाकडी पेटीवर बसणारा ओलसर थर. त्यातून सूक्ष्म गळती होते आणि सूर सरकत राहतो. तापमान बदलले की ऑसिलेटरही जागा सोडतात.

यावर उपाय आहेत. तापमानाने फारसे न बदलणारे ‘सी झिरो जी’ प्रकारचे कपॅसिटर वापरावेत. जोडणी तपासून झाल्यावर बोर्डला वॉर्निशचा पातळ थर द्यावा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. वाजवण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे वाद्य सुरू ठेवून मग ट्यूनिंगचे बटण लावावे. दोन ऑसिलेटर एकमेकांपासून दूर आणि शक्यतो पत्र्याच्या आडोशाने ठेवावेत. नाहीतर वारंवारता जवळ येताच ते एकमेकांना ओढून एकाच कंपनावर अडकतात आणि खालचे स्वर गायब होतात. तबलजी मैफलीआधी हातोडी घेऊन बसतो, तशीच ही तयारी आहे. पावसाळी हवेत तबल्याची पुडी उतरते, तर थेरेमिनने का अपवाद राहावे?

साहित्य कुठे मिळते, काळजी काय घ्यावी?

पुण्यातील बुधवार पेठेची तपकीर गल्ली हा इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा जुना पत्ता. कामशेत, मळवली किंवा वडगावहून लोकल धरून शिवाजीनगर गाठले की तिथून फार दूर नाही. ऑनलाइनही सर्व मिळते. पण काउंटरवर उभे राहून कॉइल हातात घेऊन पाहण्याने अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

सुरक्षिततेचा नियम एकच: घरातील २३० व्होल्टच्या विजेशी या प्रयोगात थेट संबंध येऊ देऊ नये. बॅटरी किंवा चांगल्या दर्जाचा पाच व्होल्टचा अडॅप्टर वापरावा. जुन्या रेडिओच्या काचेच्या व्हॉल्व्हवर थेरेमिन करण्याचा मोह होतो. पण त्या सर्किटांत जीवघेणा दाब असतो, तिथे जाणकाराशिवाय हात घालू नये. कानाला हेडफोन लावण्यापूर्वी आवाज सर्वांत कमी करावा. सुरुवातीला निघणारी किंचाळी कानाला इजा करू शकते.

शाळांचा यात काय संबंध?

केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनअंतर्गत देशभरात दहा हजारांहून अधिक शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या. प्रत्येक लॅबसाठी २० लाख रुपयांपर्यंतच्या अनुदानाची तरतूद आहे. २०२५च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. म्हणजे वर उल्लेख केलेला बोर्ड आणि सेन्सर अनेक शाळांच्या कपाटात आधीच आहे. त्यातून काय तयार होते? बहुतेक विज्ञान प्रदर्शनांत तोच हात पाहून झाकण उघडणारा कचऱ्याचा डबा आणि तोच अडथळा पाहून वळणारा रोबो. प्रकल्प चालला, फोटो निघाला, कपाटाला कुलूप. हीच मुले पुढे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात तयार प्रकल्प विकत घेताना दिसली, तर दोष केवळ त्यांचा नाही. ‘चालले म्हणजे झाले’ हे आपणच त्यांना शिकवले.

वाद्याचे तसे नसते. डबा उघडला की काम संपते. वाद्य वाजले की काम सुरू होते. सूर लागला की नाही, हे परीक्षकाला विचारावे लागत नाही. भजनी मंडळातले आजोबा दुरूनच सांगतात. मावळातील कित्येक मुले दिवसा प्रयोगशाळेत वारंवारतेची व्याख्या पाठ करतात आणि संध्याकाळी देवळात टाळ-मृदंगाच्या साथीत नेमका षड्ज धरतात. एकाच गोष्टीची ही दोन नावे आहेत, हे त्यांना कुणी सांगत नाही. सेन्सरचे बिघडलेले, पायऱ्या पाडणारे वाद्य घेऊन एखादी मुलगी मंदिरातल्या पेटीवाल्याशेजारी बसली आणि ‘याची मींड का तुटते’ यावर दोघांचा वाद झाला, तर त्या संध्याकाळी भौतिकशास्त्र आणि संगीत या दोन्हींचा तास झाला असे समजावे.

मग पुढे काय करता येईल?

यासाठी नवी योजना नको, नवा निधी नको. शाळेने प्रदर्शनाच्या नियमांत एक ओळ वाढवावी: प्रकल्प करणाऱ्याने तो बिघडवून, दुरुस्त करून दाखवावा. लॅबच्या तासाला महिन्यातून एकदा गावातील पेटीवादक किंवा पखवाजवादक पाहुणा म्हणून बोलवावा. पालकांनीही अपेक्षा बेताची ठेवावी. थेरेमिन शिकायला अवघड आहे. ते करून कुणी लगेच कलाकार होत नाही आणि त्याला प्रवेश परीक्षेत गुणही नाहीत. मिळतो तो कान, आणि ‘हे असे का होते’ असे विचारण्याची सवय.

मळवली स्थानकापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर भाजे लेणी आहेत. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीच्या या लेण्यांतील विहारात, एका शिल्पपटात एक स्त्री ढोलकीसारखी वाद्यांची जोडी वाजवताना दिसते आणि शेजारी दुसरी नाचते आहे. ते वाद्य म्हणजे तबल्याचा पूर्वज की आणखी काही, यावर मतभेद होऊ शकतात. पण त्या काळीही कुणीतरी चामडे ताणले असेल, ओल्या हवेत ते उतरलेले पाहून वैतागले असेल, पुन्हा ताणले असेल. शनिवार-रविवारी पर्यटक त्या शिल्पाचा फोटो काढून पुढे जातात. मावळातील शाळांनी एक सहल तिथे न्यावी, तो हात मुलांना दाखवावा आणि परत आल्यावर लॅबचे कपाट उघडावे.